कोर्टाची पायरी आणि वकिलाचा उंबरा

इचलकरंजीतल्या कुठल्याही कापड व्यापाऱ्याचे बिल हातात घेऊन पाहा. वर गणपतीचे किंवा कुलदैवताचे नाव, मग पेढीचे, मग मीटर, दर आणि रक्कम. आणि अगदी तळाशी, भिंग लावून वाचावी लागेल अशा बारीक टाइपात एक ओळ असते : ‘सब्जेक्ट टू इचलकरंजी ज्युरिस्डिक्शन’. ही ओळ कोणी घातली असे विचारले तर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, ‘प्रेसवाल्याने.’ आधीच्या बिलबुकात होती म्हणून नव्यात आली. वडिलांच्या काळातही ती होती.

आता त्या ओळीचा अर्थ पाहा. कापड राजस्थानात बालोत्र्याला किंवा पालीला गेले आणि पैसे अडकले, तर दावा इचलकरंजीत लावायचा की राजस्थानात जाऊन, याचा निकाल काही अंशी या ओळीवर ठरतो. काही अंशी म्हणतो, कारण कायद्याचा नियम सरळ आहे. ज्या न्यायालयांना मुळातच तो वाद चालवण्याचा अधिकार आहे, त्यांपैकी एक निवडण्याची मुभा दोन्ही पक्षांना असते. ज्याचा त्या व्यवहाराशी संबंधच नाही, अशा न्यायालयाला केवळ छापून अधिकार देता येत नाही. शिवाय निवड दोघांची हवी. खरेदीदाराने सौद्याच्या कागदावर ती मान्य करून सही केली असेल तर ओळीला वजन येते. नुसतीच बिलाच्या तळाशी छापलेली असेल तर त्यावरच पहिले वर्षभर वाद चालू शकतो. एवढ्या महत्त्वाच्या ओळीचा मसुदा प्रेसवाल्याने करावा आणि पुढे तिच्या बचावासाठी वकील लावावा, असा आपला रिवाज आहे.

जिल्ह्याच्या गावात धंद्याच्या कायद्याचे काम करणारी वकिलांची फर्म असते तरी कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर मला या एका ओळीत दिसते. मी कोल्हापुरात या कामात उमेदीची वर्षे घालवली. आता वकिली थांबवली आहे, त्यामुळे हा लेख म्हणजे जाहिरात असल्याचा आरोप करण्याची सोय कोणाला नाही.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे घराघरात आहे आणि ती खोटी नाही. पण म्हणीत कोर्टाची पायरी आहे, वकिलाचा उंबरा नाही. आपण दोन्ही एकच समजून बसलो. परिणाम असा, की छोटा कारखानदार वकिलाकडे येतो तेव्हा त्याच्या हातात समन्स असते, बँकेची नोटीस असते किंवा भावाने पाठवलेले रजिस्टर पत्र असते. म्हणजे तो कोर्टाच्या पायरीवर आधीच उभा असतो.

यात वकिली व्यवसायाच्या नियमांचाही थोडा हात आहे. वकिलाने जाहिरात करायची नाही, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या ३६व्या नियमात सांगितले आहे. इतके, की पाटी माफक आकाराची असावी आणि तिच्यावर आपण अमुक प्रकारच्या कामातले तज्ज्ञ आहोत असे लिहू नये, हेही त्यात आहे. २००८ साली संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे देण्याची सवलत मिळाली, पण पाटी होती तशीच राहिली. नियमामागचा विचार चांगला आहे; वकिली हे दुकान नव्हे. परंतु डॉक्टरच्या पाटीवरून हाडांचा की डोळ्यांचा हे कळते, तसे वकिलाच्या पाटीवरून कळत नाही. मग माणूस ओळखीच्या वकिलाकडे जातो. ते शेतजमिनीच्या वाटपाचे दावे उत्तम चालवत असतील, पण कर्जवसुली न्यायाधिकरणात त्यांनी कधी पाऊलही टाकलेले नसते.

मुंबईत हे काम फर्म करत आल्या. क्रॉफर्ड बेली, लिटल अँड कंपनी ही नावे एकोणिसाव्या शतकातली. गिरण्या, गोदी, विमा, जहाजे यांचे करार तिथे होत आणि त्यासाठी सॉलिसिटरांची वेगळी परंपराच उभी राहिली. मुंबईबाहेर असे काही नव्हते. घराच्या पुढच्या खोलीत टेबल, मागे ‘एआयआर’च्या लाल पाठींच्या पुस्तकांची रांग, एक कारकून, एक ज्युनिअर आणि सगळ्या प्रकारची कामे. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला, पुढे कोल्हापुरात ओतकामाचे कारखाने वाढले, सांगलीची हळद देशभर गेली. धंदा बदलत गेला, पण त्याचे कागद करण्याची पद्धत मात्र फारशी बदलली नाही.

या सगळ्यात सर्वाधिक नुकसान कुठे होते, असे मला विचाराल तर मी कोर्टकचेरीकडे बोट दाखवणार नाही, घराकडे दाखवीन. आपल्याकडचा छोटा धंदा म्हणजे दोन भाऊ, किंवा मेहुणे-मेहुणे, किंवा शाळेपासूनचे दोन मित्र. भागीदारीपत्र टायपिस्टकडच्या जुन्या नमुन्यावरून होते, नावे तेवढी बदलतात. भागीदारीचा कायदा १९३२ चा आहे आणि फर्मची नोंदणी केलीच पाहिजे, असे तो म्हणत नाही. त्यामुळे लोक नोंदणी करत नाहीत. पण त्याच कायद्याचे ६९वे कलम सांगते, की नोंदणी नसलेल्या फर्मला करारापोटी कोणाकडून येणे असेल तर दावा लावता येत नाही आणि भागीदारालाही फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर करारातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. फर्म मोडून हिशेब मागण्याची वाट तेवढी मोकळी होती. महाराष्ट्राने १९८४ साली कायद्यात दुरुस्ती करून तीही बंद केली. ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली काढून टाकली. म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत नोंदणीचा आळस केलेल्या भावाला महाराष्ट्रात साधा हिशेब मागणेही अवघड होते.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. एक भागीदार वारला तर फर्म मोडते, असा कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. भागीदारीपत्रात ‘वारस येऊन फर्म चालू राहील’ असे कलम घालून तो बदलता येतो. मात्र भागीदार दोघेच असतील तर हे कलम असूनही फर्म टिकत नाही, कारण एकट्या माणसाची भागीदारी होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे एकापेक्षा अधिक वेळा स्पष्ट केले आहे. दोघा भावांच्या फर्ममध्ये थोरला अचानक गेला, की वहिनी आणि धाकटा दीर यांच्यात पहिला प्रश्न पैशाचा नसतोच. बँकेचे खाते कोण चालवणार, मालाची ऑर्डर कोणाच्या नावाने घ्यायची, हा असतो. दहाव्याचे विधी व्हायच्या आत हे प्रश्न उंबऱ्यात उभे राहतात. दुःखात असलेल्या त्या बाईला लोक ‘इथे सही करा’ म्हणून कागद पुढे करतात. बहुतेक वेळा तिला फसवायचे नसते. काम अडलेले असते. पण काही वर्षांनी तोच कागद दोन घरांचे बोलणे बंद करतो. दोघांच्या जोडीला तिसरा भागीदार, घरातलाच, वेळीच घेतला असता, किंवा २००८ च्या कायद्याप्रमाणे मर्यादित दायित्वाची भागीदारी करून तिच्या करारात वारसांचा प्रश्न सोडवला असता, तर वकिलाचे काम जेमतेम दोन बैठकांचे होते.

भागीदारीतून बाहेर पडणाऱ्याचेही असेच. ‘मी पाच वर्षांपूर्वीच निघालो, आता माझा संबंध नाही’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! निघाल्याची जाहीर नोटीस दिली नसेल तर तिऱ्हाइतांच्या दृष्टीने संबंध संपत नाही आणि नंतरच्या देण्यालाही तो जबाबदार धरला जाऊ शकतो. नोंदलेल्या फर्ममधून निघाल्यावर निबंधकाला कळवावे लागते आणि राजपत्रात व एका स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात छापावे लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ज्या छोट्या चौकोनी नोटिसा तुम्ही न वाचता ओलांडता, त्यांतल्या काही अशाच कोणाची तरी मान सोडवण्यासाठी दिलेल्या असतात.

आता येण्या पैशांकडे येऊ. ज्याचे माग स्वतःचे, पण सूत दुसऱ्याचे, आणि जो मजुरीवर कापड विणून देतो, त्याला इचलकरंजीत खर्चीवाला म्हणतात. उतरंडीतला हा शेवटचा माणूस. सुताचा भाव चढो वा उतरो, याची मजुरी थकते. कायदा दुबळा आहे म्हणून हे होते, असे सर्वांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठी २००६ साली झालेला कायदा सांगतो, की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. सरसकट एवढे व्याज सावकारही लावत नसेल! तक्रार पुरवठादाराच्या भागातल्या परिषदेपुढे चालते, खरेदीदार देशात कुठेही असो. निकाल विरुद्ध गेलेल्या खरेदीदाराला आव्हान द्यायचे तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. मजुरीवर विणणे ही सेवा आहे, म्हणून खर्चीवालाही या छत्राखाली येऊ शकतो; अट एवढीच, की त्याची ‘उद्यम’ नोंदणी हवी, आणि ती व्यवहाराच्या आधी केलेली असावी. जुलै २०२० पासून चालू असलेल्या या नोंदणीला पैसे पडत नाहीत. त्याखेरीज २०२३ च्या वित्त कायद्याने केलेल्या बदलानुसार, या मुदतीत लघुउद्योगाचे पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

इतके असूनही खर्चीवाला परिषदेकडे का जात नाही? कारण तक्रार केली की पुढचे सूत बंद होते. हे भय खरे आहे आणि कुठलेही कलम ते घालवू शकत नाही. इथे वकिलाचे काम तक्रार लिहिणे हे नसून सौद्याच्या वेळी दोन ओळींचे पत्र लिहून देणे, चलनावर पोच घेण्याची सवय लावणे आणि थकबाकीचे पत्र योग्य वेळी, योग्य भाषेत पाठवणे हे असते. व्याजाचा आकडा घातलेले एक सभ्य पत्र व्यापाऱ्याच्या चार्टर्ड अकाउंटंटच्या टेबलावर गेले, की पुष्कळदा पैसे येतात. मी हे होताना पाहिले आहे. प्रत्येक वेळी होते असे म्हणणार नाही.

चेकचे प्रकरण सर्वांना माहीत असते, निदान ‘एकशे अडतीस’ हा आकडा तरी. चेक वटला नाही तर तो गुन्हा, ही तरतूद १ एप्रिल १९८९ पासून लागू झाली आणि तिने जिल्हा न्यायालयांचे चेहरे बदलून टाकले. पण हिच्या मुदती निर्दय आहेत. बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर एक महिन्यात फिर्याद. ‘देतो म्हणाला म्हणून थांबलो’ या सौजन्याचा हिशेब कायदा क्वचितच धरतो. फिर्याद कुठे करायची, यावरही मोठा घोळ झाला होता. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी जावे लागेल असे ठरवले आणि इथल्या व्यापाऱ्यांच्या फिर्यादी परराज्यांत जाण्याची वेळ आली. २०१५ च्या दुरुस्तीने ते बदलले, आणि आता चेक खात्यात भरला असेल तर आपली बँक शाखा जिथे आहे तिथे फिर्याद चालते. बिलाच्या तळाच्या ओळीने जे होत नव्हते ते संसदेने करून दिले!

मोठ्या रकमेचा दिवाणी दावा असेल तर व्यापारी न्यायालय. २०१५ च्या या कायद्याची किमान मर्यादा २०१८ साली एक कोटीवरून तीन लाखांवर आली, म्हणजे तो जिल्ह्यापर्यंत पोचला. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीसाठी जाणे त्यात सक्तीचे आहे. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. या मध्यस्थीकडे आमच्याकडे एक उपचार म्हणून पाहिले जाते, हे दुर्दैव. मध्यस्थासमोर झालेल्या तडजोडीला लवाद निवाड्याचे बळ आहे. पेठेतल्या दोन व्यापाऱ्यांचे भांडण बंद खोलीत मिटवण्याची ही जुनीच रीत कायद्याने नव्या नावाने परत दिली आहे.

बँकेबद्दल थोडक्यात. कर्जाच्या कागदांवर कारखानदाराची पत्नी जामीनदार म्हणून सही करते आणि तिला वाटते, आधी कारखाना विकतील, मग काही उरले तर आपल्यापर्यंत येतील. १८७२ च्या करार कायद्यात तसे नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, आणि त्याच वेळी. घर तारण असेल तर २००२ च्या कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. ती आली की लोक गावातल्या दिवाणी न्यायालयात मनाई मागायला धावतात. ते दार कायद्यानेच बंद केले आहे. जायचे असते पुण्याच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात, आणि बँकेने पुढचे पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांत. चुकीच्या दारात उभे राहून त्यांतले किती दिवस गेले, हे मोजायला माझ्याकडे येणाऱ्यांना मी आधी कॅलेंडर देत असे.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या जिल्ह्यांना मिळून. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडे एकच गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जुलैत ती फेटाळली गेली. कारण असे, की हक्काची नोंदणी ज्यांच्या नावावर आहे, त्या संस्थांनी स्वतः दाद मागायची. बाहेरच्या कोणी नाही. भावना सर्वांची होती, पण नोंदणी ज्याची त्याचाच दावा. चटणी-मसाल्याचा, शेवचिवड्याचा, पापडाचा धंदा घरातून चालवणाऱ्या किती महिलांनी आपले नाव आणि चिन्ह नोंदवले आहे? पदार्थाची चव वीस वर्षांनी जमते आणि नाव दुसराच कोणी दोन महिन्यांत उचलतो. हे ‘मुंबईचे काम’ म्हणून इथल्या वकिलांनीही बरीच वर्षे बाजूला ठेवले.

कामगार कायदे (२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ जुन्या कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या), वस्तू व सेवा कर, सहकारी पतसंस्थांचे वसुली दाखले, साखर कारखान्यांकडून उसाचे १४ दिवसांत यायचे पैसे, ही यादी वाढवता येईल. मुद्दा असा, की हे सारे एका काळ्या कोटाच्या खिशात मावण्याचे दिवस गेले. चार-पाच वकील, त्यांत एक करार लिहिणारा, एक बँकांची कामे पाहणारा, एक कोर्टात उभा राहणारा, आणि शेजारच्या खोलीत चार्टर्ड अकाउंटंटशी रोजचे बोलणे, अशी फर्म आता जिल्ह्याच्या गावी लागते.

१७ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या कित्येक वर्षांच्या आंदोलनाचे ते फळ. त्या दिवशीचा आनंद मी रस्त्यावर उभा राहून पाहिला. पण धंद्याच्या कायद्याचा प्रवाह उलट्या दिशेने वाहत आहे, याकडे फार कमी लोकांचे लक्ष आहे. कंपन्यांचे वाद आणि दिवाळखोरी यांसाठी मुंबईचे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण, कर्जवसुलीसाठी पुणे, प्राप्तिकराच्या अपिलासाठी पुणे. न्यायालय दारात आले आणि न्यायाधिकरणे लांबच राहिली. त्यात दिवाळखोरीच्या कायद्यात येणे रकमेची किमान मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून एक कोटी झाली. दहा-वीस लाख अडकलेल्या कारखानदाराला ते दार आता नाहीच. अशा माणसाला कुठले दार उघडे आहे आणि किती दिवस, हे सांगणारा माणूस गावातच हवा.

‘पण वकीलसाहेब, नुसत्या सल्ल्याचे पैसे?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. तारखेला उभे राहिल्याचे पैसे लोक देतात, कारण काम दिसते. तारीख पडूच नये म्हणून केलेले काम दिसत नाही. दोष एकट्या अशिलाचा नाही. किती घेणार ते आधी लेखी न सांगणे, ही आमच्याकडची सवय त्याला तितकीच जबाबदार आहे. भागीदारीपत्राचे इतके, करार तपासण्याचे इतके, असे कागदावर लिहून दिले तर माणूस उंबरा चढायला कचरणार नाही.

एकट्या खर्चीवाल्याला फर्म परवडणार नाही, हे उघड आहे. पण यंत्रमागधारकांच्या संघटना आहेत, शिवाजी उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, शिरोली इथल्या उद्योजकांच्या संघटना आहेत. वर्गणीतून त्यांनी एखाद्या फर्मला वर्षाची ठरावीक फी द्यावी आणि दर शनिवारी दुपारी दोन तास त्या फर्मच्या एका वकिलाने संघटनेच्या कचेरीत बसावे. खटला चालवायचा असेल तर तो वेगळा, त्याची फी वेगळी. शनिवारी फक्त कागद पाहायचे. पहिल्या शनिवारी येताना भागीदारीपत्र, उद्यम नोंदणीचा दाखला, बँकेचे मंजुरीपत्र आणि गेल्या तीन वर्षांतल्या थकलेल्या बिलांची यादी आणावी, तारखेप्रमाणे लावलेली. तीन वर्षे एवढ्यासाठी, की त्यानंतर साध्या येण्याचा दावाही मुदतबाह्य होतो. आणि ज्या बिलाची तिसरी दिवाळी उलटत आली आहे ते सर्वांत वर ठेवावे.